संध्याकाळची शर्यत आणि पोट: सोलापुरात पळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहाटेच्या शर्यतीला पोटाचा फारसा प्रश्न नसतो. रात्री जेवायचं, उठल्यावर केळं खायचं आणि पळायचं. शर्यत संध्याकाळी सहाला असली की मध्ये अख्खा दिवस येतो. त्यात घरचं जेवण येतं, पाहुणे येतात, चारचा चहा येतो आणि आपलं सोलापूरचं ऊन तर असतंच. खालची उत्तरं १० ते २१ किलोमीटर पळणाऱ्यांसाठी आहेत. शर्यत साडेपाच ते सातच्या दरम्यान सुटणार असं धरलंय.

सकाळच्या शर्यतीपेक्षा यात वेगळं काय? खायचं तर तेच ना?

पदार्थ बरेचसे तेच, हिशोब मात्र उलटा. रात्रभराच्या झोपेत यकृतातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, बराच उतरतो, म्हणून पहाटे थोडं खाऊन तो भरावा लागतो. संध्याकाळपर्यंत तुमचा नाश्ता आणि जेवण झालेलं असतं, त्यामुळे साठा भरलेला असतो. तेव्हा कमी खाल्ल्यामुळे त्रास होणारे थोडे. दुपारचं अर्धवट पचलेलं जेवण पोटात घेऊन पळणारे जास्त.

त्यात उष्णता. पळताना रक्त पायांच्या स्नायूंना हवं असतं, अंग थंड ठेवायला कातडीलाही हवं असतं. हवा तापलेली असली की कातडीकडचा ओघ वाढतो आणि आतड्यांच्या वाट्याला फार थोडं रक्त उरतं. जे जेवण डिसेंबरात निमूट पचतं तेच मार्चच्या संध्याकाळी चौथ्या किलोमीटरला घशाशी येतं. म्हणून दिवस उतरत जाईल तसं ताट लहान करत न्यायचं. पोटभर खायचं ते सकाळी.

मग दिवसभरात कधी काय खायचं?

शर्यत सहाला धरू. सकाळी आठ-साडेआठला भरपूर नाश्ता करा: पोहे, उपमा, इडल्या किंवा दूध-भाकरी. दिवसातलं सगळ्यात मोठं खाणं हेच, इथे हात आखडू नका. दुपारचं जेवण साडेबाराच्या आत उरका, एकच्या पुढे ढकलू नका. चारच्या सुमारास थोडंसं काही. त्यानंतर सुटायला दहा मिनिटं असताना वाटलं तर अर्धं केळं किंवा दोन खजूर.

पाच ते पावणेसहाच्या मधल्या वेळात गोड खाऊ नका. काही जणांना शर्यतीच्या अर्धा-पाऊण तास आधी साखर खाल्ली की इन्शुलिन वर जातं आणि ऐन सुरुवातीला रक्तातली साखर खाली येऊन हातपाय गळाल्यासारखे होतात. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतं त्यांना पहिले दोन किलोमीटर नकोसे होतात. अगदी सुटताना खाल्लं तर हा त्रास सहसा होत नाही, कारण पळायला लागल्यावर इन्शुलिन दबतं.

किती खायचं याचं गणित हवं असेल तर, शर्यतीआधीच्या एक ते चार तासांत वजनाच्या किलोमागे एक ते चार ग्रॅम कर्बोदकं, असं क्रीडा-आहाराचे लोक सांगतात. वेळ जितकी जवळ तितका आकडा लहान. चार वाजताच्या खाण्याला किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम पुष्कळ झालं. ६० किलोच्या माणसाला ३० ते ६० ग्रॅम.

दुपारी भाकरी खाल्ली तर चालेल का? आमच्याकडे तिच्याशिवाय जेवण होत नाही.

हा प्रश्न सोलापुरातच येणार. मालदांडी ज्वारी आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची. ज्वारीत स्टार्च भरपूर, म्हणजे पळायला लागणारं इंधन तेच. अडचण तंतूंची आहे. ते पोटात जास्त वेळ राहतात आणि पळताना आतडी हलवतात. शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत भाकरी नेहमीसारखी खा. त्या दिवशी ती सकाळी खा आणि दुपारी भात घ्या.

पण ज्याचं पोट जन्मापासून भाकरीवरच चालतं, त्याने इंटरनेटवर वाचून त्या दिवशी ब्रेड-पास्ता खाऊ नये. अशा माणसाने दुपारी एक मऊ भाकरी आणि वाटीभर वरण-भात खावा. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ नको, हे बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा महत्त्वाचं. कडक भाकरी मात्र त्या दुपारी नको. ती कोरडी असल्यामुळे पोटात पाणी ओढून घेते, आणि कुरकुरत किती खाल्ल्या याचा पत्ता लागत नाही.

माझ्या मते त्या दुपारचं सगळ्यात चांगलं जेवण दहीभात. मऊ भात, ताजं दही, बरोबर मीठ, वर जिऱ्याची हलकी फोडणी. गार आहे, पचतो लवकर आणि घामातून जाणार असलेलं मीठही थोडं आधीच पोटात जातं. आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड घरं इतकी आहेत की दहीभात कसा करायचा हे शेजारीच कळेल.

शेंगाचटणी? शेंगापोळी?

शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं. उखळात कुटलेल्या चटणीला सुटलेलं तेल बोटाला लागतं ते हेच. चरबी पोटातून पुढे सरकायला वेळ घेते आणि तिच्यामुळे बरोबरचा भातही अडकून बसतो. वर तिखट. दुपारी चमचाभर तोंडी लावायला घेतली तर कुणाचं बिघडत नाही, पण भाताबरोबर दही घालून तीच कालवायची असेल तर रात्री. शेंगापोळीत गूळ आहे म्हणून ती पळणाऱ्याला चांगली, असं आमच्यातले काही जण ठासून सांगतात. गूळ आहेच, पण शेंगाही आहेत. सकाळच्या नाश्त्याला एक पोळी हरकत नाही.

चार वाजता नेमकं काय खावं?

सुसला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा. चुरमुरे म्हणजे फुगवलेला भात, त्यात तेल नाही आणि तंतूही नसल्यात जमा. भडंग मात्र नको, त्यात तेल, शेंगा, लसूण सगळं आलं. सुसला त्या वेळेला बरोबर बसतो, फक्त नेहमीपेक्षा साधा करायचा.

दोन ओंजळी चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच काढायचे आणि मुठीत दाबून पाणी पिळायचं. पाण्यात राहिले तर लगदा होतो. कढईत चमचाभरच तेल, मोहरी, जिरं, हळद, कढीपत्ता. हिरवी मिरची एखादी, तीही अख्खी टाकून नंतर बाजूला काढायची. कांदा नको, पळताना करपट ढेकर तोच आणतो. पिळलेले चुरमुरे टाकायचे, मीठ, चिमूट साखर, वरून पंढरपुरी डाळ्याचं पीठ दोन चमचे. पीठ ओलावा शोषून घेतं आणि चुरमुरे पुन्हा सुटे होतात. गॅस बंद करून लिंबू पिळायचं. पाच-सात मिनिटांत होतो. घरात नेमका त्याच वेळी नळाला पाणी आलं असेल तर हंडे भरायला दुसऱ्याला लावा, तुम्ही सुसला खाऊन पाय वर करून बसा.

सुसला नको असेल तर दोन इडल्या, त्याही सांबाराशिवाय. किंवा केळं आणि दोन-तीन साधी बिस्किटं. गव्हाची खीरही चालते, पण छोटी वाटी.

शर्यत रविवारी आहे आणि घरी मटण आहे.

तुमच्या वाटणीचं झाकून ठेवायला सांगा. रात्री खा.

चहा-कॉफी घेऊ का?

रोज चारला चहा घेत असाल तर घ्या. सोडलात तर डोकं दुखेल. मात्र कपभर चहातून मिळणारं कॅफीन ३० ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि पळण्यात फरक पडलेला अभ्यासांत दिसतो तो किलोमागे ३ मिलिग्रॅमपासून पुढे. ६० किलोला ते १८० मिलिग्रॅम होतात, म्हणजे चहाने फारसं साधणार नाही. कडक कॉफीने साधेल, पण संध्याकाळी घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन पाचेक तासांनीही अंगात असतं. साडेपाचला कॉफी, नऊला जेवण आणि दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडणं. १० किलोमीटरसाठी मला हा सौदा परवडणारा वाटत नाही.

पाणी किती आणि कधी?

सकाळपासून थोडं थोडं. पाच वाजता एकदम लिटरभर ओतलं तर निम्मं पोटात डुचमळतं आणि निम्मं सुटायच्या रेषेवर उभं असताना लघवीला पाठवतं. साधारण चार तास आधी किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे ६० किलोला ३०० ते ४०० मिलिलिटर, आणि पुढे घोट-घोट. लघवीचा रंग फिकट पिवळा असला की पुरे. पाण्यासारखी पांढरी होईपर्यंत पिण्याची गरज नाही.

आपली हवा कोरडी, त्यामुळे घाम दिसत नाही. मुंबईत पळणाऱ्याचा शर्ट भिजून चिंब होतो, इथे कपाळावर आणि टोपीच्या कडेला पांढरी पूड दिसते. ते मीठ आहे. घाम आला नाही असं समजू नका, आला आणि उडून गेला.

१० किलोमीटरला पळताना काही खायचं का?

नाही. भरलेला साठा दीड-दोन तासांच्या पळण्याला पुरतो आणि बहुतेकांचे १० किलोमीटर त्याच्या आत संपतात. पाण्याच्या टेबलावर दोन घोट घ्या, उरलेलं डोक्यावर आणि मानेवर ओता. फारच गळून गेल्यासारखं वाटलं तर गोड पाण्याने नुसती चूळ भरून थुंकली तरी तरतरी येते. तोंडातली गोडी मेंदूला कळते आणि तो थोडा हात सैल सोडतो. प्रयोगशाळेत सायकल चालवणाऱ्यांवर हे तपासलेलं आहे.

आणि २१ किलोमीटरला?

इथे लागतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं असा सर्वमान्य आकडा आहे. पहिल्यांदा पळणाऱ्याने ३० वर थांबावं. सुरुवात ४०-४५ मिनिटांनी करा, भूक लागायची किंवा पाय जड व्हायची वाट बघू नका. एकदम न घेता दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडं, प्रत्येक वेळी पाण्याबरोबर.

आतड्यांनाही सराव लागतो. आठवड्यातून एकदा लांबचं पळता ना, विजापूर रोडला किंवा होटगी रोडला, तेव्हाच हे खाऊन बघा. आणि ते पळणंही कधीतरी संध्याकाळी करा. पहाटे गार हवेत पचलेला खजूर संध्याकाळी साडेसहाला तापलेल्या डांबरावर पचेलच असं नाही.

जेल विकत घ्यावं की खजूर, गूळ, चिक्कीवर भागतं?

जेल म्हणजे पळताना चोखायची गोड, घट्ट पाकासारखी पुडी. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. मध्यम केळ्यात तितकीच. साध्या खजुराच्या एका दाण्यात पाच-सहा ग्रॅम, गुळाच्या सुपारीएवढ्या खड्यात आठ-नऊ. म्हणजे चार-पाच खजूर झाले एका जेलएवढे. जेलचा फायदा इतकाच की चावावं लागत नाही आणि खिशात मावतं. पाण्याशिवाय घेतलं तर तेच पोटात दगड होऊन बसतं.

मी खजुराच्या बाजूचा. बिया काढून, अर्धे करून, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत, जरासं मीठ भुरभुरून. गूळ पॅन्टच्या खिशात वितळतो, मग बोटं चिकट आणि गूळ पिशवीला. शेंगदाण्याची चिक्की नको, कारण वर सांगितलंच. शिवाय दम लागलेला असताना दाण्याचा तुकडा घशात गेला तर पंचाईत. लिमलेटच्या गोळ्या चघळणारेही आहेत. एका गोळीत मिळतं थोडंच, पण तोंड ओलं राहतं.

पेय घरी करता येईल का?

येतं. लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस. साखर एकदा काट्यावर मोजून घ्या आणि कुठल्या वाटीला किती बसते ते लक्षात ठेवा. याहून गोड केलंत तर ते पोटातून लवकर उतरत नाही. सोलापूरच्या उन्हात बाटली हातात धरून पळलात तर अर्ध्या तासात कोमट होते, म्हणून निम्मी बाटली फ्रीजरमध्ये गोठवून वर गार पाणी भरा.

ओआरएसची पुडी ही जुलाबाच्या रुग्णासाठी बनवलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरमागे फक्त साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. मीठ भरून काढायला उत्तम, ताकद मिळायला अपुरी. पळताना खजूर वगैरे खात असाल तर बरोबर ती चालेल. लिटरची पुडी अख्खी एक लिटरमध्येच मिसळायची, अर्ध्या बाटलीत नाही. तयार खोक्यांतली फळांच्या स्वादाची पेयं वेगळी असतात. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. घामातून जास्त जातं ते सोडियम. दुपारी अकराला प्या, छान आहे. उसाचा रस शर्यतीआधी फार गोड पडतो, आणि गाड्यावरचा बर्फ कुठल्या पाण्याचा ते विचारू नये. ताक दुपारच्या जेवणात घ्या, चार वाजता नको. सोडा कधीच नको.

जास्त पाणी पिऊन त्रास होतो असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. उन्हाच्या भीतीने प्रत्येक टेबलावर ग्लासभर साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. पुढे माणूस गोंधळतो आणि जीवावरही बेततं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एका धावपटू महिलेचा मृत्यू यानेच झाला होता. हे हळू पळणाऱ्यांना जास्त होतं, कारण त्यांना प्यायला वेळ जास्त मिळतो.

सरावाच्या दिवशी पळण्याआधी आणि नंतर वजन करा. किलोभर उतरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं. वजन उलट वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिताय. शर्यतीत तहानेप्रमाणे प्या.

बरगडीखाली चमक भरते, किंवा मध्येच शौचाला लागते. काय करू?

चमक बहुधा पोटात एकदम बरंच पाणी किंवा फार गोड पेय गेलं की भरते. वेग कमी करा, त्या जागी हाताने दाबून खोल श्वास सोडा. शौचाचं कारण बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या आणि त्या दुपारच्या ताटात सापडतं: मटकीची उसळ, कोशिंबीर, पेरू, दालचा. दोन दिवस डाळी-उसळी आणि कच्च्या भाज्या कमी करा. दुपारी जेवल्यावर पडा, पण चारला उठून घरातल्या घरात फिरा म्हणजे निघण्याआधी पोट साफ होतं.

त्या दिवशी उपवास आहे.

साबुदाणा स्वतः म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पण खिचडीत तूप आणि दाण्याचं कूट इतकं असतं की ती सकाळी नऊलाच खाऊन मोकळं व्हा. दुपारी भगर आणि ताक, चारला उकडलेलं रताळं किंवा केळं आणि राजगिऱ्याचा एखादा लाडू. असा उपवास पळण्याच्या आड येत नाही. निर्जळी असेल तर पळू नका.

रोजा ठेवणाऱ्यांनाही तेच सांगेन. दिवसभर पाण्याशिवाय राहून इफ्तारच्या आधी शर्यत पळणं आपल्या हवेत धोक्याचं आहे. रमजानमध्ये इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी हलकं पळा आणि शर्यत पुढच्या महिन्यातली धरा.

मधुमेह आहे, बीपीची गोळी आहे. हेच लागू का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर पळताना तर उतरतेच, पण संध्याकाळच्या व्यायामानंतर रात्री झोपेतही उतरू शकते. लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर पाणी-मिठाचा हिशोब बदलतो. आणि गुडघा दुखतो म्हणून शर्यतीआधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी कुणीही घेऊ नये. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडांवर येते.

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पळावं का?

मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि दुपारी चाळिशीपार गेलेला पारा तेव्हाही फारसा उतरलेला नसतो. शर्यत असलीच तर निघण्याआधी घरच्या बर्फाचा चुरा घातलेलं लिंबू सरबत घोट-घोट प्या. आतून गार झालेलं अंग तापायला थोडा जास्त वेळ घेतं. आमरस-पुरीचं जेवण त्या दुपारी टाळा. आंबा नव्हे, पुरी नडते. वेळेचं ध्येय घरी ठेवा.

पळून झाल्यावर?

पहिल्या अर्ध्या तासात काहीतरी गोड आणि खारट. डाळिंबाचे दाणे मीठ लावून, केळं, ताक, काहीही. जितकं वजन उतरलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी, पण ते दोन-तीन तासांत वाटून. पार्क चौपाटीवर लगेच तळलेलं खायचा मोह होतो. थोडं थांबा, कारण आतड्यांकडे रक्त परतायला वेळ लागतो आणि तोवर भजी वर येण्याची शक्यता जास्त.

तासाभराने जेवा. डाळ-भात, अंडी, दूध, काही प्रथिनं पोटात जाऊ द्या. झाकून ठेवलेलं मटण असेल तर ते गरम करा, कडक भाकरी त्यात मोडा आणि शेंगाचटणीवर आता कुणाचीच बंदी नाही. फक्त दहाच्या आत जेवा, नाहीतर झोप लागायला बारा वाजतील.